माहेरओळींचं शेत

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. ज्यांनी मला ती सांगितली त्यांनाही माहीत नव्हतं. त्या काळी एक राज्य होतं. खालच्या बाजूला सपाट, सुपीक मुलूख होता आणि तिथे राजा राहायचा. वरच्या बाजूला डोंगर होते. ते इतके उंच की खालच्या माणसाला वर चढताना धाप लागायची आणि वरच्या माणसाला खाली उतरलं की उकडायचं.

त्या डोंगरांच्या माथ्यावर एक पठार होतं आणि पठारावर चाळीस घरांचं गाव. जमीन खडकाळ, माती खारवट, पाणी बेताचं आणि थंडी मात्र भरपूर. तिथे गहू यायचा नाही, ज्वारीची कणसं भरायची नाहीत आणि भाताचं तर नावच काढायला नको. तिथे एकच धान्य मनापासून यायचं, ते म्हणजे किन्वा.

किन्वा हा आपल्या चाकवताचा लांबचा भाऊ. त्याच्या पाल्याची भाजी होते, दाणे शिजवून भातासारखे खाता येतात, भाजून दळले की पीठ होतं. दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा. काही जातींचा दाणा गोड, पण बहुतेकांचा वरून कडू. कडू म्हणजे इतका, की न धुता तोंडात टाकलात तर दुपारपर्यंत थुंकत बसाल. गावातल्या बायका तो टोपलीत घालून झऱ्याच्या पाण्यात चोळायच्या. रिठ्यासारखा फेस यायचा. तो फेस संपेपर्यंत दाणे धुवायचे आणि त्याच फेसात मेंढ्यांची लोकरही धुऊन घ्यायची. एका पाण्यात दोन कामं उरकायची, अशी त्या लोकांची रीत होती. हल्ली किन्वा चकचकीत पुडीत मिळतो आणि आपण तो मोठ्या कौतुकाने घरी आणतो. तेव्हा पुडी नव्हती आणि कौतुकही नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या गावातल्या एका चालीबद्दल.

त्या डोंगरात मुलगी लग्न होऊन सासरी निघाली, की आई तिच्या ओटीत माहेरच्या शेतातलं किन्व्याचं बी घालायची. कुणाचं माहेर दलदलीकडचं, कुणाचं खिंडीपलीकडचं, कुणाचं मिठागरासारख्या खाऱ्या माळावरचं. जसं माहेर तसं बी. सासरच्यांनी ते बी शेतात वेगळ्या ओळीत पेरायचं, असा नियम होता. त्या ओळीला माहेरओळ म्हणत. ती बाई असेपर्यंत ओळ तिची, आणि तिच्यानंतर तिच्या सुनेने ती सांभाळायची. एखाद्या घरात सासूचं बी मोडलं असं कुणी म्हटलं, तर त्या घराला चारचौघांत मान वर करता येत नसे.

अशा किती पिढ्या गेल्या कोण जाणे. त्यामुळे त्या शेतात पांढरा किन्वा होता, पिवळा होता, लाल होता, काळा होता आणि जांभळट गुलाबीही होता. कुठे पुरुषभर उंच, कुठे गुडघ्याएवढा. कुठे लवकर फुलणारा, कुठे आळशासारखा उशिरा फुलणारा. लोकांनी या जाती कधी मोजल्या नव्हत्या. थोरलीने मात्र मोजल्या होत्या. बावीस भरल्या.

थोरली म्हणजे गावातली सगळ्यांत वयस्कर बाई. केस पिकलेले, पाठीत वाकलेली, हातात काठी, आणि जीभ अशी की काठीची गरजच पडू नये. कधी पेरायचं, कुठला पट्टा या वर्षी रिकामा ठेवून तिथे मेंढ्या बसवायच्या, कापणीला कधी लागायचं, हे सगळं गाव तिला विचारून करायचं.

आता झालं असं, की राजाच्या दरबारात नवा प्रधान आला. गोष्टींमधले प्रधान बहुधा लबाड असतात, पण हा तसा नव्हता. हा प्रामाणिक होता, कष्टाळू होता. त्याला फक्त नीटनेटकेपणाचं फार वेड होतं. एकसारखं, सरळ, मोजून आखलेलं काही दिसलं की त्याचा जीव हरखायचा. राज्य पाहायला तो निघाला आणि फिरत फिरत, धापा टाकत पठारावर पोचला. शेत पाहून त्याने कपाळाला हात लावला.

“आजीबाई,” तो थोरलीला म्हणाला, “हे शेत आहे की गोधडी?”

“गोधडीच म्हणा,” थोरली म्हणाली. “हितली थंडी बघितलीत ना? गोधडीच लागती.”

“अहो, पण कुठे लाल, कुठे काळा. एक कापायला आलाय, दुसरा अजून फुलतोय. हा दाणा तर किती बारीक! आणि तो सगळा पट्टा रिकामाच सोडलाय.”

“रिकामा न्हाई सोडला. त्यो दमलाय. मेंढ्या बसवल्यात तिथं. पुढल्या साली उठंल.”

प्रधान हसला. त्याने गावात हिंडून सगळ्या जातींचे दाणे ओंजळीत घेऊन पाहिले आणि त्यांतला सगळ्यांत मोठा, पांढरा, गोड दाणा निवडला. तो दाणा खिशात घालून तो खाली गेला आणि राजाला म्हणाला, “महाराज, त्या पठारावर सोनं पिकेल. पण ती माणसं चिंध्यांसारखं काहीतरी पेरतात. पठार माझ्या ताब्यात द्या. एकच बी पेरीन, नांगर लावीन, खत नेईन, पाणी नेईन. तुमच्या कोठारात दुप्पट भर घालीन. माणसांना खाली आणू. उसाच्या मळ्यात हात कमीच पडतात.”

राजा न्यायी होता, पण पठारावर तो कधी गेलेला नव्हता. त्याने थोरलीला बोलावून घेतलं आणि सगळं तिच्या तोंडावर सांगितलं.

“एक हंगाम देतो,” राजा म्हणाला. “अर्धं पठार प्रधानाचं, अर्धं गावाचं. कार्तिक संपला की दोघांनी आपापली रास घेऊन यायचं. माझ्या कोठारात जो जास्त भर घालील, पठार त्याचं. गाव हरलं, तर गावाने खाली येऊन मळ्यात राहायचं. घरं मी बांधून देईन.”

चाळीस घरं, त्यांची चूल, त्यांची मेंढरं, त्यांचा झरा, सगळं एका हंगामावर येऊन ठेपलं होतं. थोरलीने पदराने कपाळावरचा घाम पुसला.

“महाराज, आमाला हितं लई उकडतं,” ती म्हणाली. “तवा आमी हरायचं न्हाई. येते मी.”

दरबारी हसले. राजाला मात्र हसू आलं नाही.

वैशाखात प्रधान पठारावर आला तो केवढा लवाजमा घेऊन! तीनशे मजूर, ऐंशी बैल, लोखंडी फाळाचे नांगर, खताच्या गाड्या. माणसांच्या भाकरीची ज्वारी आणि बैलांचं चंदीचं धान्यही खालून राजाच्या कोठारातून यायचं. दर आठवड्याला धान्याने भरलेल्या गाड्या गावाच्या मधून कुरकुरत वर जायच्या आणि रिकाम्या होऊन खडखडत खाली यायच्या. थोरली ओट्यावर बसून लोकर कातत त्यांच्याकडे पाहायची.

प्रधानाने आपल्या अर्ध्या पठारावर एक इंचही जागा सोडली नाही. विसाव्याचे पट्टे नांगरले, दगडी बांध मोडून सगळं सपाट केलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत डोंगरातल्या गावागावांतून गोळा केलेला तोच मोठा, पांढरा, गोड दाणा पेरला. दोरी लावून, सरळ रेषेत. खरं सांगतो, दिसायला ते शेत फार सुंदर दिसत होतं.

ते पाहून गावाची छाती दडपली. आणि भीती वाटली की माणसं जे करतात, तेच गाव करायला निघालं. पेरणीच्या आदल्या दिवशी सगळे थोरलीच्या अंगणात जमले. बोलायला उठला तो थोरलीचाच मुलगा. अंगाने दणकट, मनाने सरळ, आणि आईसमोर सहसा तोंड न उघडणारा.

“आई, राग मानू नगंस,” तो म्हणाला. “दर साली आपण समद्या ओळी पेरतो, बरुबर हाय. पर औंदा मूठ मूठ मोलाची हाय. गेल्या साली लाल किन्वा लई पिकला. औंदा समदीकडं लालच लावू. माहेरओळी पुढल्या साली धरू की. बाया काय कुठं पळून चालल्यात?”

पुष्कळांनी माना डोलावल्या. मागे त्याची बायको उभी होती. दोनच महिन्यांपूर्वी ती या घरात आली होती, दलदलीपलीकडच्या गावाहून. तिने ओटीत आणलेला किन्वा काळा होता, बारीक होता आणि गावातल्या कुठल्याही किन्व्याहून कडू होता. घरात त्यावरून तिची थट्टा झाली होती. धुऊन धुऊन झरा आटेल, असं कुणीतरी म्हणालं होतं. ती खाली मान घालून म्हणाली, “आत्याबाई, माझी ओळ ऱ्हाऊ द्या औंदा. माझ्या बीपायी गाव हरलं तर मला तोंड दाखवाया जागा ऱ्हाणार न्हाई.”

थोरलीने काठी जमिनीवर आपटली. कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

“गपा समदी! गेल्या साली लाल पिकला, कारण पाऊस उशिरा आला. त्याच्या आदल्या साली पिवळ्यानं तारलं. त्याच्या लई आदी, ह्यो माझा ल्योक पाळण्यात होता तवा, गुडघ्याएवढ्या करड्या किन्व्यावर गाव जगलं. तवा त्या करड्याला बी सगळी हसायची. औंदाचा पाऊस कसा पडंल, कुणाला ठावं हाय? तुला ठावं हाय का रं?”

मुलाने नाही म्हणून मान हलवली.

“मग! भ्या वाटतंय त्याच साली समदं पेरायचं असतं. निवांत साली कुणी बी काय बी पेरावं.” मग ती सुनेकडे वळली आणि तिचा आवाज जरा खाली आला. “आन तू गं. तुझं बी हलकं हाय असं तुला कुणी सांगितलं? कडू हाय ना? मग ते बांधाकडंनी लावू. शेताच्या चारी अंगांनी. तुझ्या आईनं ओटी भरताना दोन मुठी दिल्यात की चार, ते बघ. पुरवून पुरवून लाव.”

अशा रीतीने गावाने बावीसच्या बावीस जाती पेरल्या, आणि सुनेची धरून त्या वर्षी तेवीस झाल्या. नांगर लावला नाही. कुदळीने बी टाकण्यापुरती जागा उकरली. खत विकत आणलं नाही; ज्या पट्ट्यांत गेल्या एक-दोन वर्षांत मेंढ्या बसवल्या होत्या तेच पेरले. पाणी वाहून आणलं नाही. दगडी बांधांनी अडवलेली ओल पुरली. उरलेला एक तृतीयांश भाग त्या वर्षीही विसाव्याला सोडला. तो बघून प्रधानाने लांबूनच मान हलवली.

दिवस गेले. श्रावणात प्रधानाचं सगळं शेत एकाच आठवड्यात फुललं. पांढरंशुभ्र. खालून माणसं ते पाहायला आली. गावच्या शेतात मात्र नेहमीसारखा गोंधळ होता. काही ओळी फुलल्या होत्या, काहींना अजून जाग यायची होती.

आणि एका पहाटे, अवेळी, पानांवरचं दहिवर गोठलं. पठारावर कधीमधी असं होतं. गार हवा जिथे खोलगट जागा सापडेल तिथे जाऊन बसते आणि फुलावर आलेलं पीक करपवते. प्रधानाने बांध मोडून शेत सपाट केलं होतं, त्यामुळे ती हवा अडली नाही. खालच्या अंगाचं त्याचं एक तृतीयांश शेत दुपारपर्यंत काळं पडलं. गावच्या शेतातल्याही तीन ओळी गेल्या, ज्या नेमक्या त्या दिवशी फुलात होत्या त्या. ज्यांच्या त्या माहेरओळी होत्या त्या बायका बांधावर बसून रडल्या. पण उरलेल्या वीस ओळी धडधाकट होत्या. शिवाय त्या तिन्ही जातींचं थोडं थोडं बी घराघरांतल्या मडक्यांत होतंच.

प्रधान खचला नाही. हेही त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे. त्याने आणखी पन्नास मजूर आणले, उरलेल्या पिकाला पाणी दिलं, खत दिलं आणि ते जोमाने वाढवलं.

भाद्रपदाच्या अखेरीला दाणे भरले आणि पाखरं आली. डोंगरातली पाखरं म्हणजे काय विचारता, आभाळाचा तुकडा खाली उतरावा तशी येतात. आधी ती गावच्या शेतावर उतरली, बांधाकडच्या काळ्या ओळींवर. चोची मारल्या मात्र, आणि जो काय कालवा उठला! थोरलीची सून बांधावर उभी होती. पाखरं चोची पुसतायत, मान झटकतायत, एकमेकांवर चिडतायत, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. थोडी पाखरं आत शिरली, तर तिथेही निम्म्या ओळी कडूच. थवा उठला आणि प्रधानाच्या शेतावर गेला. तिथे सगळंच गोड होतं.

त्या दिवसापासून प्रधानाचे दोनशे मजूर गोफणी आणि डबे घेऊन पाखरं हाकत बसले. गावातली माणसं आपापली कामं करत होती. सून तेवढी दिवसातून दहादा बांधावर जाऊन आपल्या ओळींकडे पाहून यायची. तिचा नवरा एकदा तिच्या मागोमाग आला आणि म्हणाला, “धुऊन धुऊन झरा आटंल असं म्हनलं व्हतं ना मी. चुकलं माझं. आता मीच धुईन.” आणि खरोखर, त्या वर्षी त्याने धुतला. कडू किन्वा धुणारा त्या गावातला तो पहिला पुरुष, असं म्हणतात.

कार्तिक संपला. दोन्ही राशी राजवाड्यासमोरच्या मैदानात उतरल्या. आणि आता जे सांगतो त्याने तुम्हाला वाईट वाटेल. प्रधानाची रास गावाच्या राशीच्या दुपटीहून मोठी होती. करपून गेलेलं करपलं, पाखरांनी खाल्लेलं खाल्लं, तरीसुद्धा. साडेतीनशे माणसं आणि ऐंशी बैल सहा महिने राबले होते, आणि कष्ट वाया जात नाहीत. ती रास पांढरी, एकसारखी, डोळ्यांत भरणारी. गावाची रास तिच्याशेजारी लहान आणि ठिपक्याठिपक्यांची.

थोरलीच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेने पदर तोंडाला लावला. आपण आपल्या परीने सगळं केलं आणि तरी घर जाणार, हे त्यांना दिसत होतं.

राजा हळहळत म्हणाला, “आजी, तुम्ही शर्थ केलीत. पण रास समोर आहे.”

“हाय की,” थोरली म्हणाली. “पर महाराज, तुमचा सबूद काय व्हता? रास कुणाची मोठी, असं तुमी बोलला न्हाईत. कोठारात जो जास्त भर घालील, असं बोलला. मग कोठारात चला. हितं मैदानात काय बघायचं?”

राजाला ते पटलं. सगळे कोठाराकडे गेले. आत उंच उंच कणग्या होत्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या, शेणाने लिंपलेल्या, शिडी लावल्याशिवाय आत दिसायचं नाही अशा. थोरलीने काठी टेकत त्या एकेका कणगीवर टकटक केली. बहुतेक कणग्या भरलेल्या होत्या. तीन कणग्या पोकळ वाजल्या.

“ह्या कशानं रिकाम्या झाल्या?” तिने विचारलं.

कोठाराचा राखणदार पुढे आला. तो म्हणाला, “प्रधानजींच्या मजुरांचा शिधा आणि बैलांची चंदी यांतूनच गेली, माय. वैशाखात तिन्ही काठोकाठ होत्या.”

“मला ठावं हाय. माझ्याच दारावरनं गेल्या गाड्या.” थोरली राजाकडे वळली. “महाराज, आदी ह्यांची रास ह्या तीन कणग्यांत वता. जे नेलं ते भरून निघू द्या. त्याच्यावर जे उरंल, ती भर.”

प्रधान पुढे होऊन म्हणाला, “महाराज, मग गावाचंही तसंच मोजायला हवं. ही माणसं काय सहा महिने उपाशी होती?”

“न्हाई,” थोरली म्हणाली. “आमी पोटभर जेवलो. पर ते आमचं आमी पिकवलेलं. आमच्या खाण्याचं आन पुढल्या पेरणीच्या बीचं घरी ठिवून मग ही रास आणली. तुमच्या कोठारातला एक दाणा वर आला असंल तर राखणदाराला इचारा.”

राखणदाराने नाही म्हणून मान हलवली.

राजाने हात वर केला आणि मजूर ओतायला लागले. पहिली कणगी भरली. दुसरी भरली. तिसरीत पोती रिकामी होऊ लागली, आणि मैदानातली ती डोळ्यांत भरणारी रास कमी कमी होत अखेर संपली. आता शिडीवर चढून आत पाहायला हवं होतं. सेवक पुढे झाला, पण प्रधानाने त्याला थांबवलं. तो स्वतः शिडी चढला. त्याने आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खाली उतरून राजासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “महाराज, तिसरी कणगी निम्मीच भरली आहे. माझ्यामुळे कोठारात भर पडली नाही. घट आली.”

मी आधीच म्हटलं होतं, माणूस प्रामाणिक होता.

मग गावाची ती लहानशी, ठिपक्यांची रास एका नव्या कणगीत ओतली. तळापासून वर येत येत ती कणगी काठोकाठ भरली आणि वर आणखी चार पोती उरली. सगळीच्या सगळी भर. तिच्यासाठी कोठारातून एक मूठही गेली नव्हती. थोरलीच्या मुलाने एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली की कोठारातली कबुतरं उडाली, आणि सुनेने तोंडावरचा पदर काढून पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मान वर केली. इथे येऊन पोचलो की मलासुद्धा दर वेळी ताठ बसावंसं वाटतं. दगडधोंड्यांच्या जमिनीत, मूठभर माणसांनी, कुणाचं काही न घेता ही कणगी भरली होती.

“पठार तुमचं,” राजा म्हणाला. “पुन्हा कुणी त्याकडे बोट दाखवणार नाही. आता मला एक द्या, आजी. राज्यात आणखी पुष्कळ उजाड डोंगर आहेत. तिथेही मला किन्वा लावायचा आहे. या वर्षी तुमच्याकडे जी जात सगळ्यांत जास्त पिकली असेल, तिचं बी मला द्या. सगळ्या डोंगरांवर तीच पेरीन.”

थोरली हसायला लागली. दात नव्हते तरी खूप हसली.

“औंदा पिवळा पिकला, महाराज,” ती म्हणाली. “पर पिवळा नेलात तर परधानजी पुन्ना शिडीवर चढतील. पुढल्या साली कोण पिकंल ते मला न्हाई ठाव. माझ्या आईला बी न्हाई ठाव व्हतं. म्हणून तर आमी कुणालाच घालवलं न्हाई. न्यायचं असंल तर समद्यांना न्या, ज्या तीन ओळी करपल्या त्यांचं बी मडक्यातलं देते, तेबी न्या. एकाला न्हेणार असाल तर ऱ्हाऊ द्या.”

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान म्हणाला, “महाराज, सगळ्या जाती नेऊ. आणि हरकत नसेल तर पुढच्या वैशाखात मी एकटाच वर जाईन. कुदळ घेऊन.”

हरकत कुणाची नव्हती. थोरलीने एवढंच म्हटलं, की येताना कांबळं घेऊन या, आमच्याकडे जास्तीचं नाही.

पुढे तेवीसच्या तेवीस जातींचं बी सात डोंगरांवर गेलं. कुठे काळा मानवला, कुठे करडा, कुठे लाल. काही वर्षांनी खालच्या मुलखात सलग दोन सालं पाऊस पडला नाही. उसाचे मळे वाळले, ज्वारी करपली, आणि कोठारातल्या कणग्या एकामागून एक पोकळ वाजू लागल्या. तेव्हा डोंगरांवरून किन्व्याच्या गाड्या भरून खाली आल्या आणि राज्यातलं एकही माणूस उपाशी झोपलं नाही. त्या गाड्यांपुढे, उन्हाने रापलेला, हाताला घट्टे पडलेला एक गृहस्थ चालत होता. खालच्या लोकांनी बराच वेळ त्याला ओळखलंच नाही. तो प्रधान होता.

तात्पर्य: शेताची खरी ताकद राशीच्या उंचीत नसते; ती राशीसाठी किती कमी खर्ची घातलं आणि किती जातींचं बी जपलं यात असते.